फोनचा भाव आणि फोनचे आयुष्य

दिवाळीस नव्या वह्यांबरोबर हल्ली घरात नवा फोनही येतो. तिगाव-पांढुर्ण्याकडील आम्हां धान्य-व्यापाऱ्यांची अर्धी पेढी आता त्यातच आहे : यूपीआयचा भरणा, बँकेचा ओटीपी, जीएसटीची बिले. तरीही अँड्रॉइड फोन घेताना बहुतेक बंधू किंमत व कॅमेराच पाहतात, याचे आम्हांस नवल वाटते. गहू घेताना आपण भावाआधी ओलावा पाहतो. फोनच्या बाबतीत, त्यास सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे तसे पाहावयास हवे. ते थांबले तरी फोन चालतो. परंतु पेढीस कुलूप उरत नाही.

आठ हजारांचा फोन दोन वर्षांत निरुपयोगी झाला, तर वर्षास चार हजार पडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या गॅलॅक्सी ए१६ फाइव्ह-जी या फोनास कंपनीने सहा वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. अठरा हजारांचा असा फोन तितकी वर्षे चालल्यास वर्षास तीन हजार! मध्यंतरी बॅटरी बदलावी लागेल, हे खरे. तरीही हिशेब फारसा बिघडत नाही.

गोदामातून काट्याच्या पावतीचे फोटो पाठविणाऱ्या मुनीमजींस स्वस्त फोन पुरेसा आहे. ज्या फोनात पेढीचे खाते आहे, तेथे मात्र मध्यम किमतीचाच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानदारास अपडेटची मुदत आधी विचारावी. रंग मागाहून पाहता येतो.