दारातली भिंत

गणपती महिन्यावर आले की आपल्या सगळ्यांनाच दारातली भिंत अचानक दिसायला लागते. एरवी वर्षभर तिच्याकडे कोण बघतं? आमच्या भिंतीला दोन वर्षांपूर्वी पोपडे सुटले होते. रंगाऱ्याची आठ दिवसांची घाण नको, म्हणून मी वॉलपेपर लावायचं ठरवलं. शाळेच्या मानधनातले साठवलेले पैसे होते, कोणाला विचारायचं कारण नव्हतं. फिकट हिरव्यावर सोनेरी वेली! एका दुपारीत भिंत नटली. सासूबाईंनी मात्र आधी भिंतीला पालथा हात लावून पाहिला होता. "अगं, ही गार लागतेय. पाऊस संपू दे की," म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, गणपती पावसातच येतात ना!"

दिवाळीला दाराशेजारी, अगदी डोळ्यांसमोर, कागद पापडासारखा फुगला. मग मी काय केलं? त्यावर कॅलेंडर टांगलं. हसू नका, आपण कॅलेंडरं आणि तसबिरी कशावर कशावर टांगतो ते आपलं आपल्याला ठाऊक असतं.

पुढच्या जुलैत धाकटीचा खोकला हटेना. ती त्याच भिंतीलगतच्या दिवाणावर झोपते. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" मी "नाही" म्हणणार होते, पण डोळ्यांपुढे ते कॅलेंडर आलं. घरी येऊन कागद ओढला तर मागे काळ्या बुरशीचा हातभर पट्टा. मला सासूबाईंकडे बघवेना. त्या काही बोलल्या नाहीत, बादली आणि फडकं घेऊन आल्या. (बुरशी कोरडी झाडू नका बरं का, ओल्या फडक्याने पुसा, नाक बांधा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा.) दिवाण त्याच दिवशी हलवला. खोकला त्यामुळेच होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण महिन्याभरात तो गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशी या विषयावर एक मार्गदर्शिकाच काढली आहे. ओलसर घरात खोकला आणि दमा यांचा त्रास जास्त, असं तीत स्पष्ट म्हटलं आहे.

जुन्या काळी तर हे याहून वाईट होतं. युरोपात एकोणिसाव्या शतकात हिरव्या वॉलपेपरच्या रंगात सोमल असे, आणि ओल धरली की बुरशीमुळे त्यातून विषारी वायू सुटतो, हे गोझिओ या इटालियन शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या काही वर्षांत दाखवलं. आजच्या कागदात सोमल नसतो, पण बुरशीला खळ आणि ओल मिळाली की पुरे.

आपल्या पनवेलची हवा विसरून चालत नाही. गावात वडाळे, कृष्णाळे अशी तळी, खाडी जवळ, आणि चार महिने नैर्ऋत्येकडून येणारी झड. तेव्हा रंग असो वा कागद, आधी ओल कुठून येते ते शोधा. एक सोपी परीक्षा सांगते. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर ओल भिंतीच्या पोटात आहे. खोलीच्या बाजूला दिसलं तर ती हवेतली. तिला खिडकी उघडणं आणि ओल्या छत्र्या बाहेर ठेवणं एवढं पुरतं. आमचं दव भिंतीकडे होतं. वरच्या छज्ज्याला चीर गेली होती आणि चपलांचा स्टँड भिंतीला चिकटून असल्याने खाली वाराच नव्हता. स्टँड आता चार बोटं पुढे ओढलाय.

चीर बुजवली दिवाळीनंतर. ओला गिलावा जानेवारीत खरवडून नवा केला, आठवडाभर त्यावर पाणी मारलं, मग महिनाभर नुसता सुकू दिला. हा महिना फार जड जातो! येणारा जाणारा विचारतो, "रंग राहिला वाटतं?" राहू द्या.

फेब्रुवारीत चुना दिला. किलोभर कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा, थोडा भिजवलेला डिंक घालायचा म्हणजे कपड्यांना लागत नाही, आणि चिमूटभर नीळ. चुना विरताना उकळतो, तेव्हा लोखंडी बादली घ्या, चुन्यात पाणी न घालता पाण्यातच चुना थोडा थोडा टाका, चष्मा लावा. चुना आतली वाफ बाहेर जाऊ देतो. तैलरंग आणि व्हिनाइलचा कागद ती अडवतात. शिवाय चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. मात्र जुन्या तैलरंगावर तो बसत नाही, भिंत खरवडावीच लागते. खालची हातभर पट्टी गेरूची केली, शिंतोडे दिसत नाहीत. थोरलीने तिच्यावर तांदळाच्या पिठाने वारली पद्धतीची माणसं काढली. दोन तारप्यावाले आहेत, एकाचा पाय जरा लांबलाय.

दाराचा जुना तैलरंग काढायचा असेल तर पॉलिश पेपर ओला करून घासा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांच्या पोटात जायला नको.

वॉलपेपर वाईट, असं नाही. दोन खोल्यांमधल्या कोरड्या भिंतीवर तो शोभतो, पावसाळा संपल्यावर. एक गुंडाळी साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असते. आठ फूट उंचीच्या चार पट्ट्या निघतात. दहा फूट रुंद भिंतीला सहा पट्ट्या, म्हणजे दोन गुंडाळ्या घ्या, नक्षी जुळवायची असेल तर तिसरी.

माझी एक उरली होती. सासूबाईंनीच सुचवलं म्हणून यंदा जूनमध्ये धाकटीच्या वह्यांना तिची कव्हरं घातली. तिच्या बाई म्हणाल्या म्हणे, "कुठून आणलंस गं एवढं भारी कव्हर?"