डोकऱ्याचं व्हिएतनाम

परवा चंद्रपुरात ज्येष्ठ नागरिकांच्या एका कार्यक्रमात पुन्हा तेच झालं. उजवा हात पुढे, व्यसनमुक्तीची सामूहिक शपथ, फोटो. पाहुणे गाडीत बसेपर्यंत बाहेरच्या पानठेल्यावर पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं सुरू. नुकतीच शपथ घेतलेले एक आजोबा म्हणाले, ‘आता कायले सोडू जी, राहिले किती दिवस?’

शपथांवरचा माझा राग जुनाच. पण या वेळी मेंदूशास्त्रही माझ्या बाजूने आहे. शपथ पाळायची ती कपाळामागच्या मेंदूने, आणि म्हातारपणी लवकर थकणाऱ्या भागांपैकी तो एक. चाळीस वर्षांची सवय मात्र मेंदूच्या खोल गाभ्यात मुरलेली. आठवण दगा देऊ लागली तरी ती तग धरते. बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण जेवण झालं की हात बरोबर पुडीवर जातो. अशा माणसाला ‘मनाचा निर्धार करा’ सांगणं म्हणजे गुडघे गेलेल्याला जिना दाखवणं.

मग सवय सुटते कशाने? १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी मागोवा घेतला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते साधारण ५ टक्के. निर्धार सगळ्यांचाच पोलादी होता, असं मला वाटत नाही. ती छावणी, ते सोबती, तो हाताशी असलेला माल मागे राहिला होता. आमचा डोकरा कुठून परतणार? त्याचं व्हिएतनाम घरासमोरच. तोच चौक, तोच ठेला, उधारीची तीच वही, आणि ‘जा रे, एक पन्नी आण’ म्हणायला हाताशी नातू. राज्यातली गुटखाबंदी २०१२ ची, पण चौकाला ती कुणी कळवलेली दिसत नाही.

दारूपुरता चौक बदलून पाहिला होता चंद्रपूरने, १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी करून. चोरटी दारू आली, हे खरंच. पण २०२१ मध्ये बंदी उठवून दुकानं उघडताना हिशेब झाला तो महसुलाचा. निवलेली तलफ पेटायला दुकानाची पाटी दिसणंही पुरतं. त्यात सत्तरीत शरीरातलं पाणी घटलेलं असतं. तोच पव्वा रक्तात जास्त चढतो, तोल जातो, खुबा मोडतो. महसुलाच्या तक्त्यात खुब्याचा रकाना नसतो. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी, गळकी का होईना, टिकून आहे. २०१६ पासून दारू-तंबाखूविरोधी मुक्तिपथ अभियान गावोगावी फिरतंय. तिथला डोकरा आपल्याकडच्यापेक्षा सुखात आहे, असं माझं मत. आकडे मागू नका.

आणि हे वाचून जोशात घरच्या म्हाताऱ्याची रोजची दारू एका रात्रीत तोडू नका. या वयात झटके येतात, भ्रम होतो. आधी डॉक्टरांकडे न्या. नातवाला पन्नी आणायला पाठवणं मात्र आजच बंद करा, त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही.