तोंडी फूट, कागदी मीटर

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत मध्यंतरी पुनर्विकासाची बैठक झाली. बिल्डरचा माणूस तोंडाने 'सव्वाचारशे फूट कारपेट' म्हणत होता आणि वाटलेल्या मसुद्यात ३७.६३ चौरस मीटर छापले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. शेजारचे तात्या तेवढे मागच्या पानावर गुणाकार करत बसले.

तात्या जुने साचेवाले. एका पौंडात ८४० वारांच्या चाळीस लडी बसल्या की सूत चाळीस नंबरचे, हे गणित त्यांच्या बोटांत मुरलेले. एका चौरस मीटरचे चौरस फूट १०.७६, हे त्यांनी नातवाकडून काढून घेतले होते. उत्तर आले ४०५. वीस चौरस फूट कुठे गेले? चार बाय पाच.

"अरे, मोरी गेली की आपली!" तात्या म्हणाले.

यावर मीटरला शिव्या घालणे सोपे आहे. शेर, पायली, अधोलीच्या आठवणीने गहिवरणारे पुष्कळ भेटतात. मला तो गहिवर येत नाही. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक. पायली गावागणिक निराळी. अशा कारभारात नाडला जाई तो धान्य घालणारा कुळवाडी, मापणारा सावकार नव्हे. १९५७ साली नवे पैसे आले, १९५८च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम येऊ लागला, ते गरिबाच्या फायद्याचेच झाले.

दोष आहे तो अर्धवटपणाचा. शिवडीच्या कॉटन ग्रीनमुळे आपल्याला ठाऊक असलेली कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६२ किलोची. व्यापारी अजून तिच्यावर भाव बोलतात. बोलोत बापडे, दोन्ही बाजूंना ती पाठ असते. सोन्याचे तसे नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज पेढीवर 'तोळा' म्हणतात तो १० ग्रॅमचा. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या ५८ ग्रॅमच्या, सुनेच्या पाच तोळ्यांच्या ५०. शब्द तोच, आठ ग्रॅम गायब! (हे घरात बोललो तर निराळेच वजन सुरू होते.)

घराच्या बाबतीत तर एका बाजूला वास्तुविशारद आणि वकील, दुसऱ्या बाजूला दहा बाय बाराच्या खोलीत जन्म काढलेली माणसे. वजनमापांचा २००९चा कायदा प्रमाणित एककातच दर सांगा म्हणतो, आणि जाहिराती मात्र खुशाल चौरस फुटांत. तेव्हा बैठकीत, जाहिरातीत आणि करारात एकच माप चालवा. मीटर तर मीटर. पण लोकांना ते अंगवळणी पडेपर्यंत करारातल्या प्रत्येक मीटरशेजारी, त्याच ओळीत, फुटांचा आकडा छापण्याची सक्ती हवी. शाई फार लागणार नाही.

आमच्या मसुद्यावर अजून सह्या झालेल्या नाहीत. बिल्डरचा माणूस म्हणतो, टायपिंगची चूक असेल. पुढच्या बैठकीला तात्या शिंप्याची टेप आणणार आहेत, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असलेली.