थडगें आणि स्मारक

१६६६ च्या अग्निप्रलयांत लंडनचें सेंट पॉल कॅथीड्रल भस्मसात् झालें. नव्याची रचना सर ख्रिस्तोफर रेन यांनीं केली. पहिला दगड १६७५ त बसला. शिखरावरील शेवटचा १७०८ त. काम लांबलें म्हणून पार्लमेंटानें १६९७ त त्यांचें अर्धें वेतन अडकवून ठेविलें. तथापि त्यांनीं काम सोडिलें नाहीं. घुमट पाहून प्रेक्षक तळघरांत उतरतो, तों रेन यांच्या थडग्यावर साधी शिळा! स्मारक पाहणें असल्यास सभोंवार पाहावें, असें तेथील लॅटिन लेख सांगतो.

विद्यार्थ्यांनो, ज्यानें मंदिर उभारलें त्यास एक शिळा पुरली. मग ज्या किल्ल्याचा एक चिराही आपण घडविला नाहीं, त्याच्या भिंतीवर नांव कोरण्याचा आपणांस अधिकार तो कोणता?