आधी पास, मग उंची

नवे सत्र सुरू झाले, की आठवड्याभरात गेम्स परेडला खेळांची वाटणी होते. व्हॉलीबॉलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलींना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "उंची किती?" जिचे उत्तर पुरेसे नसते तिला ॲथलेटिक्सकडे किंवा खो-खोकडे पाठवले जाते. बहुतेक शाळांत असेच चालते. माझे मत असे आहे, की सहावीत आलेल्या मुलीला हा प्रश्न विचारूच नये. अशी एखादी मुलगी हिरमुसून परत जाते याचे वाईट वाटते, हे खरेच. पण माझ्या मताला त्याहून मोठा आधार आहे, आणि तो म्हणजे आशियातल्या महिला व्हॉलीबॉलचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास.

मी पायदळातून निवृत्त होऊन शाळेत आलो. फौजेत व्हॉलीबॉलची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद सपाट जागा मिळाली, की दोन बल्ल्या उभ्या राहतात आणि संध्याकाळी जाळे लागते. तिथे जवान आणि साहेब एकाच बाजूला खेळतात. त्या मैदानांवर मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. जोरात स्मॅश मारणारा सगळ्यांना हवा असतो, पण सामना त्या बाजूचा होतो जिच्याकडे सर्व्हिस नीट उचलणारे दोघे असतात. देशादेशांच्या संघांत हेच किती खरे ठरते, ते पुढे सांगतो.

आशियाई महिला व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धा १९७५ मध्ये मेलबर्नला सुरू झाली. पहिले विजेतेपद जपानने घेतले. त्यानंतर २००७ पर्यंत ते दोनच देशांकडे फिरत राहिले, चीन आणि जपान. दक्षिण कोरियासारख्या ऑलिम्पिक पदक मिळवलेल्या संघालाही ही भिंत फोडता आली नाही. मग २००९ मध्ये हनोईत अंतिम सामना झाला चीन आणि थायलंडचा, आणि थायलंडने तो ३-१ असा जिंकला. योगायोग म्हणणाऱ्यांना चार वर्षांनी उत्तर मिळाले. २०१३ मध्ये नाखोन रात्चासिमाला थायलंडने अंतिम सामन्यात जपानला ३-० असे हरवले. २०२३ मध्ये त्याच शहरात, पुढच्या पिढीच्या थाई संघाने चीनला ३-२ असे नमवले.

थायलंडच्या मुली उंच नव्हत्या. त्या संघाची सेटर नूतसारा तोमकोम १६९ सेंटिमीटरची. महिलांचे जाळे २.२४ मीटरवर असते, म्हणजे जाळ्याची वरची कड तिच्या डोक्याच्या बरीच वर. पलीकडे चीनच्या मुली तिच्यापेक्षा हातभर उंच. तरीही त्या हरल्या. कशा, ते मैदानावर उभे राहून समजून घेऊ.

सर्व्हिस आली. मागच्या रांगेतल्या मुलीने ती दोन्ही हातांवर घेतली आणि जाळ्याजवळ उभ्या असलेल्या सेटरच्या डोक्यावर नेमकी पोचवली. सेटर म्हणजे आपण ज्याला लिफ्टर म्हणतो तो खेळाडू. आता तिच्यापुढे चार वाटा आहेत : समोर, पाठीमागे, मधून झटपट, नाहीतर मागच्या रांगेतून. तिच्या बोटांतून चेंडू सुटेपर्यंत समोरच्या ब्लॉकरला यातली कोणती वाट, हे कळत नाही. चेंडू सपाट आणि वेगात गेला, तर कळल्यावरही तिथे पोचायला वेळ उरत नाही. चुकीच्या जागी उभी असलेली ब्लॉकर दोन मीटर उंच असली तरी तिची उंची वाया जाते. पण हे सगळे पहिला पास नीट आला तरच शक्य होते. पास दोन मीटर बाजूला पडला, तर सेटरला धावत जाऊन चेंडू उंच उचलावा लागतो. तेवढ्यात समोर तिघींचा ब्लॉक उभा राहतो आणि तिथे उंचीच जिंकते. उंचीला उत्तर आहे, आणि ते पहिल्या पासमध्ये आहे.

दुसरी गोष्ट सोबतीची. प्रशिक्षक किअत्तिपोंग यांनी तरुण मुलींचा एक गट निवडला आणि तो वर्षानुवर्षे मोडला नाही. नूतसारा, प्लुमजित, विलावन, ओनुमा, मलिका या मुली विशीच्या आसपास एकत्र आल्या आणि तिशी ओलांडेपर्यंत एकत्र खेळल्या. २०२१ मध्ये नेशन्स लीगच्या तोंडावर तरुण थाई संघात कोरोना पसरला, तेव्हा याच बायका पुन्हा मैदानात उतरल्या. झटपट चेंडू मारणारी खेळाडू सेटरने चेंडू सोडण्याआधीच उडी घेते. चेंडू तिथे येईल हा भरवसा असल्याशिवाय असे कोणी उडत नाही, आणि तो भरवसा आठ दिवसांच्या कॅम्पमध्ये तयार होत नाही.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. योशिए ताकेशिता ही त्यांची सेटर, उंची १५९ सेंटिमीटर. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकसाठी जपानचा संघ पात्र ठरला नाही, तेव्हा बोट तिच्या उंचीकडे दाखवले गेले. तिने काही काळ खेळही सोडला होता. ती परतली, २००६ च्या जागतिक स्पर्धेत जपान सहावा आला असतानाही सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली, आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जपानने कांस्य पदक घेतले तेव्हा सेटर तीच होती. जपानच्या महिला संघाचे ते २८ वर्षांनंतरचे पहिले ऑलिम्पिक पदक.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. उंचीला किंमत नाही असे मी म्हणत नाही. चीनची झू तिंग १९८ सेंटिमीटरची आहे आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची ती सर्वोत्कृष्ट खेळाडू होती. तिच्या स्मॅशपुढे भल्याभल्यांचा डिफेन्स कोसळला. वरच्या पातळीवर सहाही मुली १६० सेंटिमीटरच्या असून चालणार नाही. माझा आक्षेप उंची मोजण्याच्या वयाला आहे. अकराव्या-बाराव्या वर्षी मोजलेली उंची सतराव्या वर्षीचे सगळे सांगत नाही. दक्षिण कोरियाची किम यॉन-क्यॉन्ग शाळेत असताना बुटक्या मुलींत मोडायची. स्मॅश मारण्याची जागा मिळेना, म्हणून ती मागे राहून पास आणि डिफेन्स शिकली. मग उंची झपाट्याने वाढली आणि १९२ सेंटिमीटरवर थांबली. उंच असूनही उत्तम पास घेणारी अशी खेळाडू जगाला मिळाली ती त्या बुटक्या वर्षांमुळे. २०१२ मध्ये तिचा संघ चौथा आला, तरी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान तिलाच मिळाला. तिच्या शाळेने टेप लावून तिला घरी पाठवले असते, तर?

आपल्या देशाकडे पाहू. पुरुषांच्या संघाने आशियाई खेळांत १९५८ मध्ये कांस्य, १९६२ मध्ये रौप्य आणि १९८६ मध्ये पुन्हा कांस्य मिळवले. महिलांच्या संघाने २०१९ च्या दक्षिण आशियाई खेळांत काठमांडूला नेपाळला ३-२ असे हरवून सुवर्ण जिंकले. पण आशियाई खेळांत किंवा आशियाई अजिंक्यपदात आपल्या मुलींना अजून एकही पदक नाही. यावर "आपल्या मुली उंचीला कमी पडतात" हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. थायलंडकडे पाहिल्यावर ते मला पटत नाही.

थायलंडसारखा संघ घडवायला जे लागते ते गावातल्या क्लबकडे नसते, दिवसाच्या शाळेकडेही नसते. ते सैनिकी शाळेकडे आहे. सहावीत आलेली मुलगी बारावीपर्यंत सात वर्षे त्याच मैदानावर, त्याच मैत्रिणींबरोबर असते. रोज गेम्स परेड असते. जेवण, झोप, वेळ सगळे एका शिस्तीत असते. एवढी सोबत हाताशी असताना आपण मुलींचा संघ दर वर्षी स्पर्धेच्या महिनाभर आधी नव्याने जमवतो. सैनिकी शाळांची दारे मुलींना उघडली त्याला फार वर्षे झालेली नाहीत, त्यामुळे ही सवय अजून पक्की झालेली नाही. ती आत्ताच बदलणे सोपे आहे.

इथे एक धोका सांगून ठेवतो, कारण आपण सैनिकी शाळेत आहोत. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांचे व्हॉलीबॉल पहिल्यांदा आले आणि जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघाला अंतिम लढतीत ३-० असे हरवले. त्यातल्या बहुतेक जणी निचिबो या कापड कंपनीच्या काइझुका इथल्या संघातल्या होत्या. दिवसा काम आणि मग मध्यरात्रीपर्यंत सराव. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यात होते आणि इंफाळच्या मोहिमेतून जिवंत परतलेल्यांपैकी एक होते. जमिनीवर लोळण घेत चेंडू उचलून क्षणात पुन्हा उभे राहण्याची पद्धत त्यांनी रुजवली. ती आजही शिकवली जाते, मीही शिकवतो. पण त्यांना लोक 'राक्षस' म्हणायचे, आणि त्यांचे वेळापत्रक तेरा वर्षांच्या मुलीवर लादायचे नसते. ते नोकरी करणाऱ्या मोठ्या बायकांचे होते. घोट्याला सूज असताना तिला उडायला लावणारा उस्ताद शिस्त शिकवत नाही, तो खेळाडू गमावतो. मुलींकडून मेहनत भरपूर घ्यावी, पण तिच्यात ओरडणे आणि अपमान नसावा.

आता पालकांशी थोडे. गेल्या सत्रात एका कॅडेटच्या वडिलांचा फोन आला : "उस्ताद, तिचं अकरावीचं वर्ष आहे, एनडीएची तयारी आहे, आता तिचा खेळ बंद करा." त्यांची काळजी मला समजते. मे २०२५ मध्ये एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हापासून प्रत्येक घरात तेच स्वप्न आहे, आणि असावेच. पण एसएसबीच्या मैदानी कामांत काय पाहतात? अनोळखी मुलांच्या गटात ही मुलगी दुसऱ्याचे ऐकते का, स्वतःची चूक झाली की पुढच्या क्षणी कामाला लागते का, वाट्याला आलेले बिनचमकीचे काम मनापासून करते का. पहिला पास घेणारी मुलगी हे रोज करते. तिच्या पासवर दुसरीच गुण घेते आणि टाळ्याही तिलाच पडतात. संध्याकाळचा पाऊण तास काढून घेतल्याने अभ्यास वाढत नाही, असा माझा अनुभव आहे.

यशाची हमी मात्र मी देणार नाही. तीनदा आशियाई विजेता झालेला थायलंडचा महिला संघ पॅरिसपर्यंतच्या एकाही ऑलिम्पिकमध्ये खेळू शकला नाही. मे २०१६ मध्ये टोकियोच्या पात्रता स्पर्धेत जपानविरुद्ध पाचव्या सेटला त्या १२-६ ने पुढे होत्या. मग प्रशिक्षकांना लाल कार्डे मिळाली, गुण गेले, लय गेली आणि सेट १५-१३ असा जपानने घेतला. जानेवारी २०२० मध्ये घरच्या मैदानावर दक्षिण कोरियाकडून हरून टोकियोचीही वाट बंद झाली. तरी आज थायलंडमध्ये शाळकरी मुली व्हॉलीबॉल खेळायला धावतात, आणि २०२५ ची महिलांची जागतिक स्पर्धा त्या देशात भरली. जे मिळाले नाही त्यावरून त्यांच्या वीस वर्षांची किंमत करता येत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, सहावी आणि सातवीच्या मुलींची निवड उंचीवर करू नये. भिंतीवर सलग पन्नास पास आणि सर्व्हिस घेण्याची तयारी, एवढेच पाहावे. दुसरी, आठवीत बारा जणींचा गट ठरवावा आणि बारावीपर्यंत तो मोडू नये; हाउस वेगळे असले तरी आठवड्यातून तीन दिवस त्यांचा सराव एकत्र व्हावा. तिसरी, इंटर-हाउस स्पर्धेत उत्कृष्ट स्मॅशरबरोबर उत्कृष्ट पास घेणाऱ्या खेळाडूलाही बक्षीस द्यावे. यातल्या एकाही मागणीला पैसे लागत नाहीत.

आणि कॅडेट्सनो, तुमच्यापैकी जिला कुणी उंची विचारून परत पाठवले असेल, तिने उद्या गेम्स परेडला माझ्याकडे यावे. येताना हातावर चेंडू घ्यायची तयारी ठेवा. पहिले पंधरा दिवस मनगटे लाल होतील. त्यानंतर बोलू.