रोजचा दिवस, भिंतीवरचा

जव्हार गावाजवळचा शिरपामाळ इतिहासाची आवड असणाऱ्यांना ठाऊक असतो. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांच्या भेटीला आले आणि त्या भेटीत मानाचा शिरपेच चढवला गेला. त्यावरून माळाला हे नाव पडले, असे इथे सांगतात. या प्रसंगाचे चित्र कुणाला काढायला सांगितले, तर तो काय काढील हे आपण न पाहताही सांगू शकतो. मधोमध महाराज, बाजूला घोडे, वर फडकणारा भगवा. आपल्या दिवाणखान्यातल्या चित्रांना अशाच मोठ्या दिवसांची सवय आहे.

पण याच डोंगरांतल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जी चित्रकला नांदली, तिच्यात दरबार नाही आणि सिंहासनही नाही. वारली चित्रात बाई मुसळाने भात कांडते. पुरुष नांगर धरतो. कुणी ताडाच्या झाडावर चढलेला असतो, कुणी विहिरीवरून हंडा डोक्यावर घेऊन निघालेली असते. अंगणात कोंबड्या दाणे टिपतात, झाडाच्या फांदीफांदीवर पाखरे बसलेली असतात आणि खाली मुंग्यांची रांग आपल्या वाटेने चाललेली असते. या सगळ्यांना भिंतीवर सारखाच मान. क्षितिजाची रेघ नाही, दूर-जवळचा हिशेब नाही. म्हणूनच कोंबडी कोपऱ्यात ढकलली जात नाही आणि माणूस चित्रभर पसरत नाही. मला या कलेतले हेच सर्वांत मोठे शहाणपण वाटते.

साहित्य तरी किती साधे! कारवीच्या कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचा लेप, वर गेरूचा हात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवले की रंग तयार. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की कुंचला तयार. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड होते. एक वर्तुळ ठेवले की डोके होते. एवढ्या सामग्रीत हात उचललेला, वाकलेला, नाचणारा, दमून बसलेला असा हरतऱ्हेचा माणूस ओळखू येतो. चेहरा नसतानाही ओळखू येतो, कारण चित्रकाराने त्याचे काम पाहिलेले असते.

मुळात ही चित्रे शोभेची नव्हती. लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक लिहीत. चौकात पालघाट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणे आणि चौक पुरा झाल्याखेरीज लग्न लागत नसे. देवीच्या त्या चौकटीभोवती झाडे, पाखरे, जनावरे, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे येत. म्हणजे देवीला साक्षी ठेवून बायका आपला रोजचा संसारच भिंतीवर मांडत होत्या. त्या बायकांपैकी फार थोड्यांची नावे आज कुणाला ठाऊक आहेत. लग्न आटोपले की चित्र पुसट होऊ लागे, आणि त्याची कुणाला खंतही नसे. पुढच्या लग्नाला पुन्हा भिंत सारवली जाई.

ही कला कागदावर आली ती १९७० नंतरच्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोचले, त्यांनी तिथल्या लोकांच्या हाती कागद दिला, आणि त्या हातांत एक हात होता जिव्या सोमा मशे यांचा. १९३४ साली जन्मलेल्या जिव्यांची आई ते लहान असतानाच गेली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणे थांबले आणि तो धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढे गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांनी आयुष्यभर चित्रे काढली, तीही लग्नाची वाट न पाहता, रोज. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात स्थान, २००३ साली जर्मनीत रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर प्रदर्शन, २०११ साली पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले. जगभर फिरून आलेल्या या माणसाने काढले काय, तर मासे धरण्याचे जाळे, भाताची कापणी, वारूळ, पाखरे. त्यांच्या जाळ्याच्या चित्रात बारीक रेघांनी सारा कागद भरून जातो, आणि पाहणाऱ्याला जाळे हलते आहे असे वाटते. त्यांना मोठा विषय शोधायला पॅरिसला जावे लागले नाही.

हे सारे आज का लिहायचे? कारण आपल्या शहरी घरांत जव्हार-मोखाड्याची दोनच चित्रे पोचली आहेत. एक कुर्त्याच्या काठावरचे, पडद्यावरचे, चहाच्या कपावरचे. त्यातली माणसे सदैव नाचतात. दुसरे वर्तमानपत्रातले. १९९२ च्या सुमारास वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर झाले, आणि त्यानंतर कुपोषण म्हटले की जव्हार-मोखाडा हे समीकरणच होऊन बसले. एका चित्रात नुसता आनंद, दुसऱ्यात नुसते दुःख. पहिले पाहून आपण खूश होतो, दुसरे पाहून हळहळतो, आणि दोन्ही वेळा पान उलटतो. या दोहोंच्या मध्ये जे असते, म्हणजे सकाळी उठून पाणी भरणे, शेत लावणे, शाळेत जाणे, बाजारला जाणे, रुसणे, हसणे, ते आपल्यापर्यंत येतच नाही. ज्या कलेचा प्राणच रोजचे जगणे हा आहे, तिची नक्षी आपण घेतली आणि ते जगणे मात्र मागे ठेवले.

बाजाराने हे काम सोपे केले. यंत्रावर मीटरने कापड छापता येते, आणि छापणाऱ्याला भात लावणीची का कापणीची, हे ठाऊक असण्याची गरज नसते. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. पण मानांकन नावाचे रक्षण करते. त्रिकोण आणि वर्तुळे उचलणारा हात त्याने आपोआप थांबत नाही. तो थांबवायचा तर विकत घेणाऱ्याने विचारले पाहिजे, की हे कुणी काढले? आंबा घेताना आपण देवगडचा का, हे दहादा विचारतो. चित्र घेताना माणसाचे नाव एकदा विचारायला काय हरकत आहे?

इथे एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. हल्लीची वारली मंडळी चित्रांत आगगाडी, मोटार, विमान काढतात, मग ती अस्सल कशी? मला हा आक्षेप उलटा वाटतो. रोजचे काढणे हाच ज्यांचा वारसा, त्यांनी पाड्यावरून जाणारी एसटी का काढू नये? दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला वसई-भिवंडीकडे उतरतात. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, हातात कोंबडीचा खुराडा, हेही रोजचेच जगणे आहे. ते भिंतीवर आले तर ती कलेची भेसळ नव्हे. उलट पन्नास वर्षांपूर्वीचा पाडा जसाच्या तसा काढत राहा, असे त्यांना सांगणे म्हणजे आमच्या पडद्यासाठी तुम्ही जुनेच राहा, असे सांगणे. कुडाच्या जागी विटांची भिंत आली, ती पावसात टिकते, म्हणून लोकांना हवी आहे. तिच्यावर गेरू नीट धरत नाही, ही अडचण खरी. पण तेवढ्यासाठी माणसांनी गळक्या घरात राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोरड्या घरात बसणाऱ्याला नाही.

मग आपल्या हाती काय? जव्हारला जाणारे बहुतेक जण राजवाडा पाहतात, दाभोशाचा धबधबा पाहतात, शिरपामाळावर महाराजांना मुजरा करतात आणि संध्याकाळी परततात. त्यात एक तास वाढवावा. एखाद्या चित्रकाराकडे बसावे, त्याला घाई न करता काढू द्यावे, भावात घासाघीस न करता चित्र घ्यावे, आणि मागच्या बाजूला त्याचे नाव व गाव त्याच्याच हाताने लिहून घ्यावे. भिंतीवर ते चित्र लागेल तेव्हा पाहुण्यांना "वारली आहे" एवढेच न सांगता ते नावही सांगावे.

आणि ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी घरातल्या मुलांना आज दुपारी कागद द्यावा. त्रिकोणाची माणसे गिरवायला सांगू नये. ती त्यांची नाहीत. आपल्या गल्लीत काय चालते ते काढायला सांगावे. भाजीची गाडी, इस्त्रीवाला, कचरा वेचणारी बाई, गॅलरीच्या कठड्यावरचा कावळा, कुंडीतल्या जास्वंदीवर येणारा बुलबुल. मूल विचारील, इस्त्रीवाल्याचे नाव काय? बुलबुलाच्या शेपटीखाली लाल असते का? बहुतेक घरांत या प्रश्नांची उत्तरे मोठ्यांकडे नसतील, आणि ती शोधायला खाली उतरावे लागेल. पाहणे तिथूनच सुरू होते. ज्याला आपल्या दारातला माणूस दिसू लागला, त्याला जव्हारचा माणूस पडद्यावरच्या नक्षीहून निराळा दिसायला फार वेळ लागणार नाही.