लवणासुराला उल्का म्हणण्याआधी

१/
समाजमाध्यमांवर एक मजकूर वारंवार फिरत असतो. वर लोणारच्या सरोवराचे आकाशातून टिपलेले छायाचित्र, आणि खाली ठाम निष्कर्ष: लवणासुराची कथा ही उल्कापाताची सांकेतिक नोंद होय, पूर्वजांना सारे ठाऊक होते, ते फक्त कथेच्या भाषेत बोलत. या विधानाची दोन भावंडेही तितकीच लोकप्रिय आहेत. सह्याद्रीचा प्रत्येक सुटा डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी, आणि वज्रेश्वरीचे कढत पाणी म्हणजे त्या ज्वालामुखीची उरलेली धग. तिन्ही विधाने ऐकायला भारदस्त आहेत आणि तिन्ही टिकत नाहीत. त्यांचा खरा अपराध मात्र वेगळाच आहे. त्या दंतकथांमध्ये जो इतिहास आहे, तो ती झाकून टाकतात.

२/
आधी डोंगर. दख्खनचा खडक ज्वालामुखीजन्य आहे, याबद्दल वाद नाही. परंतु तो एकेका शंकूच्या मुखातून उसळलेला नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वाहत आला आणि थरावर थर साचत गेला. आज त्याने व्यापलेले क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. पुढे पावसाने आणि नद्यांनी ते थर कापून काढले. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड हे त्या कापाकापीतून उरलेले तुकडे आहेत. कोणत्याही किल्ल्याचा कडा दुरून पाहावा: आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात, दोन पट्ट्यांमध्ये कुठे तांबड्या मातीचा पातळ थरही दिसतो. सुटा डोंगर म्हणजे ज्वालामुखी, हे समीकरण तिथेच कोसळते.

३/
आता झरे. पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत, सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात, कोकणात डझनाहून अधिक ठिकाणी गरम पाणी वर येते. अकलोली, गणेशपुरी, आरवली, तुरळ, राजवाडी ही त्यांतली परिचित नावे. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरते. जितके खोल तितकी उष्णता अधिक. तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने परत वर येते. याला ज्वालामुखी लागत नाही. सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा केव्हाच गार झाला.

४/
जाता जाता: उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. तीन गावे, तिन्ही गरम झऱ्यांची, आणि तिन्ही नावांत ‘ऊन पाणी’ उघड्यावर बसलेले. पाणी ऊन आहे हे सांगण्यासाठी गावकऱ्यांना कोणत्याही संकेतलिपीची गरज पडली नाही.

५/
दंतकथेत निसर्गातील घटनेची स्मृती असूच शकत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात क्रेटर लेक नावाचे सरोवर आहे. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा या ज्वालामुखीचा स्फोट होऊन शिखर आत कोसळले आणि त्या खळग्यात पाणी साचले. तेथील क्लामाथ लोकांच्या कथेत पाताळाचा स्वामी ल्लाओ आणि आकाशाचा स्वामी स्केल यांचे युद्ध होते, आगीचा वर्षाव होतो आणि पर्वत खचतो.

६/
ही कथा स्मृती मानायला आधार आहे. ल्यूथर क्रेसमन या पुरातत्त्वज्ञाला १९३८ साली फोर्ट रॉक येथील गुहेत माझामाच्या राखेच्या थराखाली झाडाच्या सालीपासून विणलेल्या चपला सापडल्या. म्हणजे स्फोटापूर्वी त्या प्रदेशात माणसे होती. साक्षीदार होता, म्हणून साक्ष असू शकते. दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा माणूस नव्हता, वानरही नव्हते. त्या घटनेची ‘पूर्वजांची आठवण’ कोणाच्या डोक्यात राहिली असेल, हे आठवणवाद्यांनीच सांगावे.

७/
लोणारचे प्रकरण थोडे नाजूक आहे, म्हणून त्याला अधिक जागा द्यावी लागेल. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे आणि ते बसाल्ट खडकात पडलेले आहे. त्याच्या वयाचा एक अंदाज सुमारे ५२ हजार वर्षांचा होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले. दुसरा आकडा धरला तर आपल्या जातीचा माणूस पृथ्वीवर अवतरायचाच होता. पण वादापुरता पहिला आकडा धरू. कोणीतरी पाहिले असे मानू.

८/
तरीही एक अडचण उरते आणि ती भूगर्भशास्त्राची नाही, वाङ्मयाची आहे. लवण नावाचा असुर लोणारची मक्तेदारी नव्हे. रामायणाच्या उत्तरकांडात तो मधुवनात, म्हणजे मथुरेच्या परिसरात राहतो आणि शत्रुघ्नाच्या हातून मरतो. लवणासुर म्हणजे उल्का असेल, तर मथुरेतले विवर कुठे आहे? कथा प्रवास करतात, नावे उसनी घेतली जातात, ठिकाणागणिक त्यांना नवे अंगरखे चढतात. एवढी साधी गोष्ट विसरली की प्रत्येक असुर अंतराळातून पडलेला वाटू लागतो.

९/
दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ अभ्यासकांचा मोठा वर्ग लोणारला ज्वालामुखीचेच मुख मानत होता. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पुरावा मांडला: प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच तिथे होती. तेव्हा कुठे उल्कापाताचे मत स्थिरावले. आता कल्पना करावी की हा फिरता मजकूर १९०० साली लिहिला गेला असता. तेव्हा लवणासुर ‘ज्वालामुखीची सांकेतिक नोंद’ ठरला असता, तितक्याच ठामपणे, तितक्याच अभिमानाने! जो संकेत दर पिढीला त्या पिढीच्या पाठ्यपुस्तकातलेच उत्तर देतो, त्यात पूर्वजांचे ज्ञान कुठले? तो आरसा आहे.

१०/
मग ती कथा सांगते तरी काय? लवणासुर जमिनीखालच्या बिळात आपल्या दोन बहिणींसह राहतो. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात येऊन बहिणींना वश करतो; त्या भावाचा ठिकाणा सांगतात. विष्णू पायाच्या अंगठ्याने बिळाचे झाकण उडवतो आणि असुराला मारतो. झाकण दूर जाऊन पडते, आणि नैर्ऋत्येची एक टेकडी म्हणजेच ते झाकण, असे दाखवले जाते. बिळात साठले ते असुराचे रक्त, आणि त्यातला क्षार म्हणजे त्याचे मांस. लोणार गावातील दैत्यसूदनाचे देखणे मंदिर याच कथेच्या आधारावर उभे आहे.

११/
या कथेत आकाशातून काहीही पडत नाही. उलट, जमिनीतून वर उडते. उल्कावाल्यांनी निदान एवढे तरी वाचायला हवे होते.

१२/
कथेच्या भूगोलाकडे पाहावे. विवराच्या काठावर, उंचावर, ‘धार’ आहे: गोमुखातून पडणारे गोडे पाणी. ते देवाचे, तीर्थाचे. खाली सरोवर आहे: खारे, अल्कधर्मी, पिण्यास निरुपयोगी. ते असुराचे. खडकात मुरलेले पावसाचे पाणी काठावर झऱ्याच्या रूपाने फुटते, म्हणून गोडे. सरोवराला बाहेर वाट नाही, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणून ते खारे. कथेने हे कारण सांगितलेले नाही. तिने जगायला लागणारी वाटणी सांगितली आहे: कोणते पाणी प्यावे, कोणते पिऊ नये. खाली कमळजादेवीच्या देवळाजवळ तर ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. एकाच विहिरीत एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, अशी तिची ख्याती. देव-दैत्यांचे युद्ध तिथे घरातल्या भांडणावर आले आहे, आणि सासूच्या वाट्याला कोणते पाणी हे लोणारमध्ये कोणालाही विचारावे.

१३/
‘असुराचे मांस’ म्हटलेला तो क्षार विकला जात होता, हे तर फिरत्या मजकुरात कधीच नसते. अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजल लोणारचा उल्लेख करतो, ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात असे नोंदवतो, आणि त्याच ओघात काच व साबण यांना लागणारे पदार्थ इथे मिळतात आणि त्यातून सरकारला उत्पन्न होते, हेही लिहितो. तीर्थ आणि महसूल एकाच परिच्छेदात! पुढच्या काळातही सरोवरातून क्षार काढला जात राहिला. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींची नावे होती. गुडघाभर खाऱ्या चिखलात उतरून तो काढणारे हात कोणाचे होते, त्यांना काय मिळत होते आणि काठावरच्या तीर्थात त्यांचे स्थान कोणते होते, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. उल्केच्या चकचकाटात ते विचारलेच जात नाहीत.

१४/
जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी घटून खारटपणा वाढला आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव बळावले, असे तपासणीत आढळले. रक्ताची कथा सांगणाऱ्यांना हा रंग म्हणजे पर्वणीच. पण कथा जुनी आणि पाणी एरवी हिरवट. कथेतले रक्त रंगावरून आलेले नाही, चवीवरून आलेले आहे. रक्त खारट असते.

१५/
वज्रेश्वरीची गोष्टही अशीच हरवते. तानसेकाठचे कढत पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, ही तिथली कथा. ‘धग ज्वालामुखीची’ म्हटले की विषय संपतो. प्रत्यक्षात विषय तिथे सुरू होतो. परंपरेनुसार देवीचे मूळ स्थान गुंज येथे होते. पोर्तुगीजांनी ते पाडले आणि देवी वडवलीला आली. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवसाचे मंदिर उभे राहिले, किल्ल्याच्या धाटणीचे. दोन शतके परकीय धर्मसत्तेखाली राहिलेल्या मुलखात देवळाला तटबंदीचे रूप का द्यावेसे वाटले असेल? चिमाजी अप्पांच्या नावाने अभिमान बाळगणाऱ्या तरुणांनी हा प्रश्न सोडून पृथ्वीच्या पोटातील लाव्हा मोजत बसावे, ही खेदाची गोष्ट आहे. (आणि दैत्य म्हणजे पोर्तुगीज, असा नवा संकेत कृपया कोणी काढू नये. ते त्याच रोगाचे दुसरे लक्षण ठरेल.)

१६/
खरोखर विझलेल्या ज्वालामुखीचा अवशेष पाहायचा तर कच्छात जावे. धिणोधर हा डोंगर ज्वालामुखीच्या नळीत गोठलेल्या खडकाचा उरलेला खुंट आहे. त्याची दंतकथा मोठी विलक्षण. धोरमनाथ नावाच्या योग्याला एका नगरात भिक्षा मिळाली नाही. एका बाईखेरीज कोणी दार उघडले नाही. त्याने नगराला शाप दिला, मग पश्चात्ताप होऊन तो डोंगर चढू लागला, तर त्याच्या पापाच्या भाराने डोंगर थरथरला. अखेर शिखरावर त्याने बारा वर्षे डोक्यावर उभे राहून तप केले. तप सोडताना पहिली नजर जिथे पडेल ती जागा उजाड होणार होती. ती समुद्रावर पडली, आणि त्याचे रण झाले.

१७/
इथे खरा ज्वालामुखी आहे, आणि कथेत अग्नीचा स्फोट नाही! कच्छचे रण एकेकाळी उथळ समुद्राखाली होते आणि तेव्हा भोवती माणसे राहत होती, त्यामुळे रणाच्या भागात अस्पष्ट स्मृती असणे अशक्य नाही. कथा सांगणाऱ्यांनी उघड्या भूप्रदेशावरून तसा तर्क केलेला असणेही तितकेच शक्य आहे. पण कथेचा कणा भिक्षा हा आहे. डोंगराच्या पायथ्याशी थान येथे कानफाट्या नाथपंथीयांचा मठ आहे. न देणाऱ्या नगराचे काय होते, ही गोष्ट मठाच्या दारात कोणाला आणि कशासाठी ऐकवली जात असेल, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही.

१८/
दुसऱ्या टोकालाही माफी नाही. ‘थोतांड’ म्हणून कथा फेकून देणारे बुद्धिवादी आणि तिला प्रयोगशाळेचा अहवाल मानणारे अभिमानी, दोघेही एकाच गोष्टीला नकार देतात: कथा सांगणाऱ्या माणसाला. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त पुराणांतील दैत्यांना पराभूत झालेल्यांच्या बाजूने वाचले. त्यांची प्रत्येक उकल आज मान्य होईल असे नाही; पण ‘ही गोष्ट कोणी रचली आणि कोणाविरुद्ध?’ हा त्यांचा प्रश्न अजून ताजा आहे. दामोदर कोसंबींनी पुण्याच्या परिसरात पायी फिरून देवस्थाने नोंदवली आणि ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) मध्ये दाखवून दिले की, देवी ज्याला मारते त्या महिषासुराच्या नात्यातला म्हसोबा शेताच्या बांधावर शेंदूर लावून पुजला जातो. मारलेला असुर आणि पुजलेला देव एकाच शिवारात नांदतात. कोणत्याही उल्केने याचा उलगडा होत नाही.

१९/
पाणी पवित्र आहे, असे कथा म्हणते तेव्हा ‘कोणासाठी’ हेही विचारावे लागते. महाड नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्ये सर्वांसाठी खुले करण्याचा ठराव केला; तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि सहस्रावधी लोक तिथले पाणी प्यायले, तेव्हा मारहाण झाली आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. तेथून फार दूर नसलेल्या झऱ्यांच्या कथांत देव, बाण, दैत्य सारे आहेत. कुंडावर कोणाला येऊ देत नसत, हे कथेत सहसा नसते. ते गावात विचारावे लागते, आणि आठवण सांगणारी पिढी थकत चालली आहे.

२०/
शेवटचा झरा राजापूरचा. उन्हाळे येथे गरम पाण्याचा झरा आहे, आणि जवळच ती प्रसिद्ध गंगा: साधारण तीन वर्षांच्या अंतराने प्रकटणारी, चौदा कुंडे भरणारी, काही काळाने निघून जाणारी. खडकातील पोकळ्या भरल्या की वक्रनलिकेप्रमाणे पाणी एकदम वाहते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. कथा अशी की, गंगाजी साळुंखे नावाचा शेतकरी पंढरीची वारी करी. वयाने पाय थकले, तेव्हा गंगाच त्याच्या शेतात आली. संकेत उलगडणाऱ्यांनी या कथेला फारसा हात लावलेला नाही. तिच्यात स्फोट नाही, दैत्य नाही. पाय चालेनासे झालेला एक वारकरी आहे, आणि त्याच्या शेतात आलेले पाणी.